डॅशबोर्डवरचा दिवा

खालापूर फाट्यावरच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या ट्रकचा धूर मोजणारा सेन्सर गेला होता आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझत नव्हता. “नवा कशाला? काहीतरी जुगाड करा, पण दिवा बंद करा,” मी वैतागून म्हणालो.

जुन्या सेन्सरवरची काजळी अंगठ्याने पुसून त्याने नंबर वाचला, नव्याशी दोनदा ताडून पाहिला आणि नवाच बसवला. मग हात पुसत म्हणाला, “बायको खोकायची रं. माझी झोप मोडते म्हणून दुकानातलं औषध पाजून मी खोकला बंद करायचो. डॉक्टरला दाखवलं, तवा काय उरलं नव्हतं.”

मी चावी फिरवली. दिवा विझला. तो मात्र सायलेन्सरपाशी कान देऊन कितीतरी वेळ उभा होता.