माझ्या खोलीतली टकटक

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी गिरगावात टाइपरायटर दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होतो आणि चिंचपोकळीला चाळीत एकटा राहत होतो. बायको देवगडकडे गावी, माझ्या आईच्या दुखण्यात अडकलेली. शाळा माझी दुसरीपर्यंत. अक्षरं ओळखायचो, पण दुसऱ्याने लिहिलेलं लावून वाचणं जमायचं नाही. ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. टाइपरायटरच्या दुकानात आहे म्हटल्यावर लोक मला लिहिणारा-वाचणारा समजायचे. मी समजू द्यायचो.

रोज हरताळ, नाहीतर संचारबंदी. दुकान उघडं कमी, बंद जास्त. शेठने एक मराठी मशीन माझ्या हवाली केलं, म्हणाला, घरीच कर. ते धूड चादरीत बांधून मी पाठीवर घेतलं आणि चालत आणलं.

आतून खोडरबराचा चुरा निघाला, ओंजळभर. हा चुरा मशीनचा वैरी. अक्षरांच्या दांड्यांच्या मुळाशी जाऊन बसतो, मग दांडी वर जाते ती परत यायचं नाव घेत नाही. लोक त्यावर तेल ओततात. थोडे दिवस बरं चालतं, मग तेल आणि धूळ मिळून खळ होते. तिथे रॉकेलचा ब्रश फिरवायचा आणि पुसून कोरडं ठेवायचं, बाकी काही नाही. 'ब' आणि 'ठ' यांच्या पोटात शाई फार साचते, ती टाचणीने कोरून काढली. रोलर ओढणारा पट्टा तुटला होता. चांभाराकडून मेण लावलेली दोरी आणून तोही बसवला.

मग ठोकून बघायचं. एकेक कळ पुन्हा पुन्हा, दांडी अडकायची थांबेपर्यंत. दुपारभर टकटक. खोलीत दुसरा आवाज नसायचा, मला ती बरी वाटायची.

ती टकटक ऐकून चळवळीतली चाळीची पोरं आली. सभेचा मजकूर पेन्सिलीने लिहून आणला होता.

"काका, एवढं टाइप करून द्या ना."

कागद हातात घेतला. कुठलं अक्षर मशीनमध्ये कुठे बसतं ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण त्या पोराचं पळतं अक्षर मला एक ओळ लागेना. कागद परत दिला.

"मला नाही जमायचं."

"वेळ नसेल तर उद्या येतो."

"जमायचं नाही म्हटलं ना."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं, मशीनशेजारच्या पालथ्या कागदांकडे बघितलं आणि गेले.

थोड्याच दिवसांत त्यांतल्या दोघांना पोलिसांनी घरातून उचललं. मग चाळीत कुजबुज सुरू झाली. चळवळीचा कागद टाइप करत नाही, मग हा दिवसभर लिहितो कुणासाठी? पोरांची नावं कुणी कळवली? माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. मी नळावर गेलो की बोलणं थांबायचं. गॅलरीत पत्ते खेळणारे पानं हातात धरून मी जाईपर्यंत गप्प बसायचे.

शेजारची मालवणी मावशी तेवढी एकदा दारात येऊन उभी राहिली.

"खरा सांग रे, दिसभर काय ता लिवतंस?"

कागद मशीनमध्येच होता. सगळा क-क-क आणि ग-ग-ग. काढून तिच्या हातात दिला असता तर तिथेच मिटलं असतं. पण मला विचारायची पाळी यावी, हेच मला लागलं.

"तुका काय वाटता, मावशे? ता सांग आधी."

तिने पदर सारखा केला आणि गेली. त्यानंतर तीही बोलेना.

मशीन मी दुकानात पोचतं केलं. पोरं सुटून आली. नावं मोर्चात पकडलेल्या भलत्याच माणसाने सांगितली होती, हे त्यांच्याकडून चाळीला कळलं. मला सांगायला कुणी आलं नाही आणि मीही कुणाच्या दारात गेलो नाही.

राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. कोपऱ्यातल्या खोलीतले, गिरणीत माणसं कामाला लावणारे म्हातारे जॉबर, ज्यांचा शब्द सगळी चाळ मानायची, ते ताट घेऊन दारोदार फिरत होते. माझ्या दारात थांबले.

"घे. झालं गेलं."

"काय झालं?"

"जाऊ दे ना रे आता."

"नाही. काय झालं ते तोंडाने बोला, मग घेतो."

गॅलरीत सगळे बघत होते. खाली लेझीम चालू होती. म्हाताऱ्यांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं. एक पेढा उंबऱ्यावर ठेवून ते पुढच्या दाराकडे वळले. मी हाक मारली असती तर परत आले असते, एवढं मला माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या. लोक जाता-येता त्या पेढ्याकडे बघत होते आणि मी आत बसून त्यांचे पाय बघत होतो.