कडी नसलेलं दार

मावशीकडच्या न्हाणीघराला आतून कडी नाही. मंजूताईला, म्हणजे मावशीच्या मुलीला, फिट येते, म्हणून काकांनी ती काढून टाकली. तेव्हापासून ताई अंघोळ करताना गाते. गाणं चालू आहे म्हणजे ताई ठीक आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पाहुणे म्हणतात, "किती आनंदी मुलगी!"

मला मात्र कुतूहल वाटायचं. गावंसं वाटत नसेल त्या दिवशी ही काय करत असेल? आपल्याला रडायचं असलं की आपण कडी लावतो, नळ सोडतो. हिचं रडणं कुठे जात असेल? गोळी घेतलीस का, झोप झाली का, हे तिला रोज विचारलं जातं. बाकीचं सगळे गाण्यावरूनच ताडतात.

परवा मी तिथेच होते. गाणं मध्येच थांबलं. मावशी कणकेच्या हातांनी धावली. ती दार ढकलणार तोच आतून आवाज आला, "आई, फिट नाही आली. मी नुसती रडतेय."

मावशीनं ते दार आपल्याकडे ओढून घट्ट धरलं आणि म्हणाली, "रड गं. कुणी येणार नाही."