क्लांगला पाठवलेली ओटी

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी कांद्याच्या एका कंटेनरची ओटी भरली होती. हसा, हसून घ्या. माझी नात हे ऐकते तेव्हा दर वेळी सोफ्यावर आडवी होते. "आजी, कंटेनरची? म्हणजे त्या लोखंडी डब्याची?" हो बाई, लोखंडी डब्याची. खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, सगळं साग्रसंगीत. आणि तेव्हा मी काही कोवळी सून नव्हते. चाळिशी उलटलेली, दोन मुलगे कॉलेजात, स्वतः इतिहास घेऊन बी.ए. झालेली, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाच्या तरी कानावर घालणारी.

कंटेनर चालला होता मलेशियाच्या क्लांग बंदराला. आज आमच्या घरात क्लांगचं नाव सिन्नर-नांदगावसारखं सहज घेतलं जातं. नात मोबाइलवर जहाज कुठं पोचलं ते बघते आणि चहा पिता पिता सांगते, "लागलं क्लांगला." पण तेव्हा आमचा हा पहिलाच कंटेनर होता आणि घरात त्यावरून महिनाभर धुसफूस चालली होती. सासऱ्यांनी जन्मभर कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून बाजार समितीत लिलावाला नेलेला. आपल्या मालावर कोण बोली लावतो ते समोर उभं राहून बघायचं, हा त्यांचा धर्म. न पाहिलेल्या माणसाला न पाहिलेल्या गावी कांदा पाठवायचा, ही कल्पनाच त्यांना पटेना. शेवटी आमच्या ह्यांना त्यांनी अट घातली. "एक कंटेनर. नीट पोचला तर पुढचं बघू. नाही पोचला तर शेडला कुलूप, आणि उद्यापासून पुन्हा लिलाव."

निफाडच्या रस्त्याला आमची ती शेड, बाहेरदेशी कांदा भरायची. ह्यांनी फार हौसेनं उभारलेली. त्या दिवसांत हे रात्री झोपेतसुद्धा कांदे निवडत असत. हात पांघरुणावर चालायचे.

आणि मी? मी शेडमध्ये व्याख्यानं देत होते. कांदा निवडणाऱ्या बाया गोणपाटावर ओळीनं बसायच्या. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे, जोडकांदा आणि फुलाचा दांडा फुटलेला डेंगळा आला की बाजूला. त्यांची कामं चाललेली आणि मी मधोमध उभी राहून सांगतेय, "मलाया म्हणजे कथील आणि रबर!" शाळेतल्या भूगोलातलं तेवढंच एक वाक्य मला पाठ होतं, पण मी ते असं म्हणायची की जणू मीच तिथं खाण खणून आले. पेठ तालुक्याकडची एक बाई होती, सगळ्यांत जुनी. तिनं हातातला कांदा न थांबवता विचारलं, "मंग वैनी, ते रबर खातेत का?"

"नाही गं, विकतात."

"आन् कांदा?"

"तिथं पाऊस फार. कांदा होत नाही."

"मंग असं सांगा ना. कथलाचं काय घेऊन बसल्या?"

बाया हसल्या. मीही हसले, पण मनातून चांगलीच चिडले होते. बी.ए.ला काही किंमतच नाही!

कंटेनर भरायला लागला त्या दिवशी हे कागदपत्रांसाठी मुंबईला गेले होते. गोण्या एकेक करून आत चालल्या. दुपारपर्यंत शेड निम्मी मोकळी झाली. महिनाभर जिथं लाल ढीग होते तिथं नुसती सालं उडत होती. ती पेठची बाई पदरानं घाम पुसत म्हणाली, "लय सुनं वाटतंय बघा. पोरगी सासरी चालल्यावानी."

झालं. मला दोन मुलगेच. मुलगी नाही. लेकीची पाठवणी आपल्या नशिबात नाही म्हणून मी कधी रडले-बिडले नव्हते, पण ते वाक्य कुठं तरी जाऊन बसलं खरं. मी तशीच घरी गेले. कपाटात हिरवा खण होता, नारळ होता, गव्हाची तर कोठीच भरलेली. सगळं खणात बांधलं, हळदीकुंकू लावलं आणि शेडवर आले. एका गोणीत कांद्यांच्या मधोमध ती ओटी ठेवली, सुतळीनं तोंड स्वतः शिवलं आणि हमालाला म्हटलं, "ही मध्यावर ठेव. दाराशी नको." लेकीला दाराशी कोण ठेवतं? पेठच्या बाईनं ते पाहिलं आणि तोंडात पदर धरला. मला वाटलं, तिला भरून आलंय. ती हसत होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता कांदेवाल्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट माहीत असते. कांद्याला ओल चालत नाही. हवा हवी, कोरडेपणा हवा. कांदाचाळीत पावसाचा एक थेंब गळला तर आम्ही रात्र जागवायचो. आणि मी स्वतःच्या हातानं कांद्याच्या पोटात पाण्यानं भरलेला नारळ ठेवून तो समुद्रावर पाठवला होता.

पुढं काय झालं ते उघड आहे. लोखंड तापलं, नारळ तडकला. पाणी गव्हात गेलं, गव्हातून खाली गेलं. मधल्या गोण्या सडल्या आणि त्यांचं पाणी शेजारच्यांना लागलं. क्लांगला कंटेनर उघडला तेव्हा वासानं माणसं मागं सरली म्हणे. त्यात तपासणीवाल्यांना मिळाला हिरवा खण आणि खणात वीतभर पिवळट कोंब आलेले गहू. थेट घटातल्यासारखे! परदेशातून चोरून बियाणं आलं, असा त्यांना संशय. सगळा कंटेनर अडकून पडला.

क्लांगच्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. हे फोनवर नुसतं "हां, हां" करत होते आणि चेहरा उतरत चालला होता. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "गोणीत खण-नारळ कुणी घातला होता?"

आणि मी, देवा रे, मी वाढता वाढता मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मी! आवडला का हो त्यांना?"

सासरे हात धुवायला उठले. मोरीशी जाऊन परत वळले आणि ह्यांना म्हणाले, "कुलपाची किल्ली माझ्याकडं आणून दे."

ह्यांनी किल्ली दिली. पण कुलूप लावायच्या आधी क्लांगचा आणखी एक फोन आला. नीट राहिलेला माल सुटला होता, विकलाही गेला होता. मात्र पुढचा माल घ्यायचा की नाही, ते व्यापाऱ्याच्या हातात नव्हतं. दुकान त्याच्या आईचं. आणि आई म्हणत होती, ज्या बाईनं हे गोणीत घातलं तिला आधी माझ्यासमोर आणा. मग ठरवू.

सासऱ्यांनी किल्ली खिशात ठेवली आणि म्हणाले, "जा. तिच्या तोंडून 'नाही' ऐकून या, म्हणजे विषय संपेल."

पासपोर्ट आले, विमानाची तिकिटं काढली. मला एवढं घाबरलेलं ह्यांनी आधी कधी पाहिलं नसेल. विमानात मिळालेला चमचासुद्धा मी पुसून परत दिला, उगाच आणखी तक्रार नको.

तो व्यापारी आम्हाला घ्यायला आला होता. तमिळ माणूस, तीन पिढ्या तिथल्याच. तरुणपणी काही वर्षं मुंबईच्या कांदा-बटाटा बाजारात हमालांबरोबर राहिलेला, त्यामुळं मराठी यायची. पण कसली मराठी! पांढरीशुभ्र इस्त्रीची पँट, गळ्यात सोन्याची साखळी, आणि मला बघून पहिलं वाक्य, "या वैनी, लय वाट बगाया लावली तुमी." माझी भीती निम्मी तिथंच गेली.

गाडीतून त्यानं गाव दाखवलं. मधून नदी, अलीकडे-पलीकडे क्लांग, आणि नदी समुद्राला मिळते तिथं बंदर. आधी ते बंदर कुणा इंग्रज साहेबाच्या नावानं ओळखलं जायचं. खाणीतलं कथील रेल्वेनं आणायचं आणि जहाजात टाकायचं, एवढ्यासाठी दलदलीत बांधलेलं. डासांनी माणसं इतकी आजारी पडायला लागली की सुरू झालं तेव्हाच बंद पडायची वेळ आली होती. मग रबराचे मळे आले. त्या मळ्यांसाठी मद्रासकडून जहाजं भरभरून माणसं आणली, त्यांत त्याची पणजीही. कथिलाच्या खाणीत चिनी माणसं. मलय लोक मुळचे तिथलेच. सुलतानाचा राजवाडाही तिथंच.

"म्हणजे कथील आणि रबर!" मी न राहवून म्हणाले. बी.ए. जागी झाली.

"आता कुटलं वैनी? रबर उपटलं, तेलाचा ताड लावला. कथील बी संपलं. आता सगळ्या दुनियेचे डबेच डबे येत्यात." आणि त्यानं बोट दाखवलं. समुद्रकाठी लाल, निळे, हिरवे कंटेनर एकावर एक रचलेले, आमच्या शेडसारख्या शंभर शेडी मावतील एवढी जागा. मी त्यांत आमचा शोधत बसले. कुठला दिसतोय!

त्याच्या गोदामाशी उतरलो तर चिनी खानावळीचा माणूस कांदा घेत होता, त्याच्यामागं डोक्याला रुमाल बांधलेली मलय बाई, तिच्यामागं तमिळ म्हातारा. चीनचा कांदा होता, हॉलंडचा होता, बाँबसारखा मोठा. मलय बाईनं हॉलंडचा कांदा उचलला, हुंगला, ठेवून दिला आणि आमच्या नाशकाकडचा घेतला. ह्यांनी माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं. लिलावात उभं राहून बघायचं असतं ना, तसं ह्यांनी ते पाहिलं. पण किल्ली सासऱ्यांच्या खिशात होती, आणि म्हातारी अजून भेटायची होती.

ती दुकानाच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. बारीकशी, केसांत मोगऱ्याच्या गजऱ्याचा तुकडा, नाकात दोन्हीकडे चमक्या. समोरच्या टेबलावर आमचा हिरवा खण. धुतलेला, घडी घातलेला. मी हात जोडून क्षमा मागायला सुरुवात केली तर तिनं हातानं थांबवलं आणि तमिळमध्ये सावकाश, एका सुरात बोलत राहिली. बोलणं देवळातल्यासारखं. आणि मुलगा शेजारी उभा राहून ते हमाली मराठीत सांगतोय.

"आय इचारती, हे तुमच्यात कुनाला देत्यात?"

"सासरी जाणाऱ्या लेकीला."

त्यानं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, जसं काही हेच उत्तर हवं होतं.

"आय म्हनती, आमच्यात बी देत्यात. खन, नारळ, हळद, पान-सुपारी. तुमचं बगून तिनं लगीच वळिकलं. बंदरावरले म्हनले बियानं हाय, ती म्हनली गप बसा, ह्ये बियानं न्हाय."

मग ती पुन्हा बोलली. या खेपेला बराच वेळ. मुलगा ऐकता ऐकता जमिनीकडं बघायला लागला. "आयची आजी मळ्यावर आली ना, ती घरी न सांगता आलेली. एजंटानं फसवून जहाजात घातली. कुनी नारळ दिला न्हाय, हळद लावली न्हाय. म्हातारी मरस्तोवर म्हनायची, मी ह्या बंदरात रित्या पदरानं उतरले. आय म्हनती, आमच्या घरात समुद्रावरनं जे जे आलं ते असंच आलं. भरल्या ओटीनं आलेलं पहिलं तुमचं कांद्याचं पोतं. आन् त्यातले गहू उगवलेले."

मी खणाकडं बघत राहिले. हे तर खिडकीतून बाहेर बघत होते, म्हणजे ह्यांचंही बरं नव्हतं चाललेलं.

म्हातारी उठली. देवघरातून पितळी ताट आणलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पदर पुढं करायला सांगितला. त्यात पान, सुपारी, हळकुंड, एक नवा खण आणि तिच्या दारातला नारळ घातला. मग माझ्या गालावर एक चापटी मारली, चांगली सणसणीत, आणि मुलाकडं बघून दोन वाक्यं बोलली. तो हसायला लागला. मी म्हटलं, "काय म्हणाल्या? जसंच्या तसं सांगा."

"आय म्हनती, कांदा पाठवत ऱ्हावा, पन नारळ नगं, नारळ हितं पायाखाली पडल्यात. आन् लेकीची ओटी भरून दिली की मागनं तिला बगाया आय दरसाल येती, का तुमच्या नाशकात पोत्यावरच भागवत्यात?"