सुपारीचा टेकू

आत्या स्वतःच्या रक्ताला दटावायची. सांगलीच्या दवाखान्यात तिचं रक्त काचेच्या उभ्या नळीत भरून ठेवलं, की समोरच्या बाकावर बसून म्हणायची, "हळू रं बाबा, लय घाई करू नगंस."

आत्या आष्ट्याची. आमवातानं तिच्या बोटांचे सांधे सुजले होते, मूठ वळत नव्हती. मी सांगलीला कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. म्हणून दर महिन्याला तिला दवाखान्यात नेणं माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं: आजार जोरात असला की रक्तात काही प्रथिनं वाढतात, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर तळाशी बसतात. वर पिवळसर निवळ राहते. हे आत्याला कसं सांगावं, मला कळेना. अडखळत सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे आंबल्या ताकावानी की!"

तिला घोर होता तो म्हशीचा. म्हैस व्यायला आली होती आणि व्याल्यावर ती आत्याशिवाय कुणाला धार काढू देत नसे. पण रक्त सावकाश बसू लागेपर्यंत बोटांना ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "दुसऱ्याला लाथ मारती रं ती," आत्या येताजाता म्हणायची.

त्या महिन्यात सूज बरीच ओसरली होती. तरी तासाभरानं नळी पाहून डॉक्टरांचा चेहरा पडला. "आत्याबाई, रक्त फारच खाली गेलंय. अजून दोन महिने धार नाही."

आत्यानं नळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आवं डागदर, मी नळीच्या बुडाखाली सुपारी सारलीया."

नळी उभी धरणारी घोडी खरंच एका बाजूला कलली होती.

"सुपारी कशाला?"

"पाट उभ्या उताराला काढला की पानी धावतं. आडवा घेतला की दमानं जातं. उसाला आमी तसंच करतो न्हवं?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, नळी कलली की रक्त उलट लवकर बसतं!"

"रगताची रीतच न्यारी म्हनायची," आत्या पुटपुटली आणि तिनं पुन्हा हात पुढे केला.

या खेपेला ती तासभर दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. दटावलंसुद्धा नाही. रक्त जेमतेम उतरलं. डॉक्टर म्हणाले, "काढा धार. दुखलं की मात्र थांबायचं."

काही दिवसांनी आष्ट्याच्या मोटारीतून माझ्यासाठी पितळी डबा आला. आत खरवस होता. डबा देताना ड्रायव्हरनं आत्याचा निरोप जसाच्या तसा सांगितला : "निम्मा डागदरास्नी दे. आन् त्यास्नी म्हनावं, डबा सरळ धरून आनलाय."