गोड्या तेलावरचं विमान

इंजिन दुसऱ्याच झटक्याला सुरू झालं आणि खळ्यावर भज्यांचा वास सुटला.

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं. हेडमास्तर दहाला येणार होते. ज्यांचं ते खळं, त्या आबांच्या घरात तेव्हा काही तळत नव्हते, मी नुकताच तिथून चहा पिऊन आलो होतो. इंजिनाजवळ नाक नेलं. वास तिथूनच येत होता. स्विच बंद केला.

मी तेव्हा नंदुरबारला एका जिनिंग फॅक्टरीत इंजिन फिटर होतो. लढाई चालू होती. हायस्कुलातले सुतारकामाचे मास्तर एक दिवस फॅक्टरीत आले. त्यांनी मुलांकडून एक विमान करवून घेतलं होतं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फूट, सांगाडा धडगावकडून आणलेल्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, वर रेशमी कापड. आत माणूस बसायचा नाही, पण उडायचं खरोखर. हेडमास्तरांना सुतारकामाचा वर्ग बंद करून ती खोली दुसऱ्या कामाला हवी होती. बरीच वादावादी झाल्यावर ठरलं ते असं : विमान उडालं तर वर्ग राहील, नाही तर जूनपासून मास्तरांनी सगळ्यांत खालच्या इयत्तेला अंकगणित शिकवायचं.

मुंबईच्या एका दुकानात लढाईआधी आलेली दोन छोटी पेट्रोल इंजिनं शिल्लक होती. कॉइल आणि बॅटरी धरून एकाचं वजन सव्वा पौंड, दुसऱ्याचं अडीच. मास्तरांना मोठं हवं होतं. मी म्हटलं, मागवण्याआधी तोलून पाहू. दोन पिशव्यांत तेवढ्याच वजनाची ज्वारी भरली. एकेक पिशवी विमानाच्या नाकाला बांधली आणि पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचललं. छोट्या पिशवीला ते सपाट राहिलं. मोठीला नाक खाली गेलं. ते वर आणायला शेपटीत शिसं घालावं लागलं असतं, आणि मोठ्या इंजिनाची जास्तीची ताकद ते शिसं वाहण्यातच गेली असती. मास्तरांनी स्वतः तीनदा उचलून पाहिलं, मग छोटं मागवलं.

बसवायला मला पाच रविवार लागले. इंजिन लाकडी पाट्यावर बोल्टांनी धरलं आणि बोल्टांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे थरथर सांगाड्यात जात नाही. नाकावरचा फिरता पंखा किंचित खाली झुकवला, नाही तर जोर लागताच विमान उताणं होतं. एक टायमरही लावला. गजराच्या घड्याळाची स्प्रिंग होती ती. वीस सेकंदांनी ती वीज तोडते, इंजिन थांबतं आणि विमान तरंगत खाली येतं. टायमर नसता तर विमान तापी ओलांडून गेलं असतं.

उडवायचं ठरलं रनाळ्याला. मास्तरांचे थोरले भाऊ, आबा, तिथले मोठे शेतकरी. त्यांचं कापणी झालेलं शेत चांगलं लांबरुंद होतं. मला कामाची यादी करायची सवय आहे. आदल्या दिवशी मी मास्तरांना चौदा कलमांची यादी दिली. अकरावं कलम होतं : पेट्रोल तीन वाटे, तेल एक वाटा, नीट हलवून टाकीत भरणे. या जातीच्या इंजिनाला वेगळं वंगण नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. मास्तर सकाळी पंख जोडण्यात गुंतले होते, म्हणून त्यांनी ते कलम आबांवर सोपवलं.

मी आबांना विचारलं, तेल कुठलं घातलं?

"गोडं तेल. मन्हा घाण्यावरलं, कालदिन काढेल," आबा म्हणाले. "हलकं नही टाकं, मिस्तरी."

"आबा, इंजिनाचं तेल हवं होतं. काळं."

"तुम्हना कागदमा काळं कोठे लिखेल शे?"

मी कागद पाहिला. नव्हतं लिहिलेलं.

मास्तर शेताच्या कडेला, धुऱ्यावर जाऊन बसले. त्यांनी अंकगणित कोणत्या पुस्तकातून शिकवतात असं मला विचारलं.

शेंगदाण्याचं तेल पेट्रोलमध्ये मिसळतं, म्हणून इंजिन चाललं. पण तापल्यावर ते चिकट होतं आणि थंड झालं की लाखेसारखं धरून बसतं. तसं झालं की पिस्टन हलत नाही, आणि दुसरं इंजिन मिळण्याजोगं नव्हतं. टाकी उतरवली. प्लग काढला, आत घासलेट ओतलं, पंखा हाताने फिरवला. जड लागला. ओतलं, फिरवलं, सांडलं, परत ओतलं. पाचव्या वेळी पंखा सैल झाला. नळी धुतली, प्लग काचकागदाने घासला. विहिरीवर आबांचं पाणी काढायचं ऑइल इंजिन होतं. त्याच्या जाड तेलाचा डबा सकाळपासून आमच्यापासून पन्नास पावलांवर उभा होता. कुपनावर मिळालेलं पेट्रोल अर्धी बाटली उरलं होतं. एका उड्डाणाला पुरे. त्यात ते काळं तेल मिसळून टाकी परत बसवली.

पावणेदहाला इंजिन परत चाललं. आवाज स्वच्छ होता. दहाला हेडमास्तर टांग्यातून उतरले, इंजिनाजवळ आले आणि थांबले.

"इथे कोणी भजी तळतंय का?"

धुराच्या नळीत गोडं तेल थोडं राहिलं असावं. मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी जमिनीकडे.

"हा साहेब, तुम्हनासाठेच," आबा म्हणाले आणि शांतपणे घराकडे निरोप धाडला.

मास्तरांनी विमान सोडलं. ते खडबडत धावलं, उठलं, शेताच्या शेवटी डावीकडे वळलं आणि आमच्या डोक्यावरून एक पुरा फेरा मारून गेलं. वीस सेकंदांनी आवाज थांबला. मग ते तरंगत आलं आणि शेजारच्या शेतात टेकलं. एक चाक वाकलं, एवढंच. मास्तर पळत गेले ते वहाणा इथेच सोडून.

हेडमास्तरांनी भजी खाल्ली, दोनदा मागून घेतली. जाताना म्हणाले, वर्ग चालू ठेवा.

मी आता यादीत नुसतं तेल लिहीत नाही. रंग लिहितो, डबा कुठे आहे ते लिहितो, आणि कागद आधी अशा माणसाला वाचायला देतो ज्याने इंजिन कधी उघडलेलं नाही. त्याने प्रश्न विचारला नाही, तरच यादी पुरी झाली असं धरतो.