स्तेफानियाबाईंची खिडकी

कॅनडातल्या विनिपेगच्या आमच्या ऑफिसात ओरेस्ट मेल्निक माझ्या शेजारी बसतो. इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरवर उभी करायची, तिच्यात वर्षभराचं ऊन, वारा, थंडी सोडायची आणि वीज-गॅस किती लागेल ते सांगायचं, हा आमचा धंदा. मी पगारापुरतं करते. हा पठ्ठ्या जीव ओततो.

म्हाताऱ्यांसाठी सरकारी घरं व्हायची होती, तेव्हा एसी नको हे त्यानेच सगळ्यांच्या गळी उतरवलं. रात्री खिडक्या उघडल्या की गार वारा घरभर फिरतो, हे त्याने पडद्यावर दाखवलंच. पुढे तिथे त्याच्याच आईचा, स्तेफानियाबाईंचा नंबर लागला. बाईंनी आनंदाने अख्ख्या चर्चला पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खिलवल्या.

सामान लावायला मीही गेले होते. ओरेस्टने खिडकी ढकलली. ती चार बोटं उघडली आणि अडली. कोणी खाली पडू नये म्हणून पोलादी पट्टी ठोकली होती. आकडेमोडीत याने खिडकी सताड उघडी धरलेली. त्याचा चेहरा बघवेना.

सोमवारी त्याने चार बोटं धरून गणित पुन्हा मांडलं. कडक उन्हाळ्यात झोपायच्या खोलीची भट्टी होत होती. घरांच्या कार्यालयातली बाई फोनवर गोडच बोलली, "पट्टी नाही काढता येणार, नियम आहे. आणि एसीला वायरिंग पुरणार नाही. ते तुमच्याच आकड्यांवरून केलंय हो!" मला तिचा संताप आला, पण ती खोटं बोलत नव्हती.

जुलैत उकाड्याने कहर केला. ओरेस्ट आईला न्यायला निघाला, मी सोबत. बाईंच्या खोलीत तीन शेजारणी मानेवर ओले टॉवेल टाकून खिडकीला चिकटून बसल्या होत्या.

"आई, बॅग भर. माझ्याकडे चल."

"आणि या? ही वेरा लेकीकडे निघाली होती, मीच थांबवलं. म्हटलं, बस गं बये, माझ्या पोराने गणित केलंय. अंधार पडला की वारं येतं."

"आई, माझं चुकलंय. नाही येणार वारं."

"गप रे! शाळेतही परीक्षा झाली की हेच रडगाणं, आणि पहिला नंबर याचाच!"

सगळ्या हसल्या. वेराबाईंनी फटीत हात घातला.

"आलं गं, आलं जरासं!" त्या म्हणाल्या, आणि बाकीच्यांनी खुर्च्या पुढे सरकवल्या. बाहेर पानही हलत नव्हतं.