उलट फिरणाऱ्या खुंट्या

सेराफिनवरचा माझा राग अजून गेलेला नाही. स्पेनमधल्या आमच्या हेरेस गावात दारूची लाकडी पिंपं बांधणारा माणूस. हात राकट, स्वभाव लोण्याचा आणि तोंड कायम शिवलेलं. त्याची मोठी बहीण कुस्तोदिया गायची, तो बापाच्या जुन्या गिटारवर साथ करायचा आणि मी मागे बसून टाळ्यांचा ठेका द्यायचो.

त्या गिटारच्या खुंट्या झिजल्या होत्या हे खरं. त्यांच्या चाकांचे दात पार गेले होते. दुसऱ्या गाण्यापर्यंत तारा हमखास उतरायच्या आणि कुस्तोदिया भर मैफलीत त्याला फाडून खायची.

"अरे मेल्या, खुंट्या बदल. नाहीतर मी दुसरा वाजवणारा बघते."

"बदलतो गं ताई," तो म्हणायचा. कित्येक वर्षं हेच.

शेवटी तिनंच गिटार उचलली आणि बासिलिओ कारागिराकडे नेऊन नव्या खुंट्या बसवून घेतल्या. जुन्या उलट फिरायच्या, या सरळ फिरतात, हे बासिलिओनं बजावलं होतं. सेराफिननं घरी तारा लावताना कुरकुरत ते मान्यही केलं.

आमच्याकडे गाणाऱ्याची इज्जत चिमट्यावर असते. गिटारच्या गळ्यावर तारा आवळणारा तो लाकडी चिमटा जितका गिटारच्या पोटाकडे, तितका सूर उंच. कुस्तोदियाचा चिमटा तरुणपणापासून गळ्याच्या पाचव्या घरावर. पहिल्या रांगेतले म्हातारे आधी तिकडेच बघतात.

शनिवारच्या मैफलीत पहिलं गाणं झकास झालं. लोकांच्या गदारोळात सेराफिनचा हात सवयीनं सहाही खुंट्यांवरून फिरला, जुन्याच दिशेनं एकेक हलका पीळ देत. पहिला झणकार उठला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तारा चढल्या होत्या. तोवर कुस्तोदियानं गळा उघडला होता. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला.

 ती भावाकडे वळली.

"नव्या खुंट्या जागच्या हलत नाहीत. मग तू हात कशाला लावलास?"

तो घाईनं खुंट्या दुसऱ्या दिशेनं फिरवून तारा उतरवू लागला.

"म्हणजे इतकी वर्षं तारा तूच उतरवत होतास."

"पहिल्या गाण्यानंतर तुझा गळा थकतो, ताई. चिमटा खाली घेतला असता तर पहिल्या रांगेतल्या या म्हाताऱ्यांना दिसलं असतं."

"आणि माझ्या शिव्या खात बसलास?"

 गुपचूप उपकार करणाऱ्यांचा मला असाच संताप येतो. समोरच्याला ते माफीसुद्धा मागू देत नाहीत.

कुस्तोदियानं चिमटा स्वतः सोडवला आणि दोन घरं खाली आवळला.  मग ती पहिल्या रांगेकडे बघून म्हणाली, "नीट बघून घ्या. माझा आवाज आता इथं आहे." आणि भावाला म्हणाली, "तू वाजव. पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललास तर याद राख."